पुकार देणाऱ्याची साक्ष

जगदेवराव पायगुड्यांचा गळा हा ग्वाल्हेर दरबारचा ऐवज होता. बाप चोपदार, आजा चोपदार. चांदीच्या मुठीची काठी धरून दरबाराच्या दाराशी उभं राहायचं आणि सरदार-मानकरी आले की त्यांच्या किताबांसकट ललकारी द्यायची, एवढंच या घराण्याचं पिढीजात काम. पण काय आवाज होता! बेंबीच्या देठापासून निघायचा आणि समोरच्याच्या छातीत जाऊन बसायचा. दरबारातले म्हातारे मानकरी जगदेवराव दिसले की आधीच कानाला हात लावून तयार असत.

मग आलं सन अठ्ठेचाळीस. राज्य विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं, दरबार उठला. काठ्या कुठं गेल्या ते कुणी विचारलं नाही. माणसं मात्र उरली. त्यांची यादी झाली. यादी करणाऱ्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "आप क्या काम जानते हैं?"

"चिल्लाता हूँ," जगदेवराव म्हणाले.

कारकुनानं लिहिलं, 'पुकार', आणि त्यांची रवानगी केली इंदरगंजातल्या फौजदारी कोर्टात.

काम तसं ओळखीचंच होतं. आधी मानकऱ्यांची नावं पुकारायची, आता आरोपी आणि साक्षीदारांची. फक्त जुनी खोड गेली नव्हती. पहिल्याच महिन्यात भग्गू नावाच्या सायकलचोराची पुकार होती. जगदेवरावांनी व्हरांड्यात येऊन छाती फुगवली आणि दणकून दिली, "राजमान्य राजेश्री भग्गूजी वल्द कल्लूजी, हाज़िर हो!" एकदा, दोनदा, तीनदा. कोणी येईना. भग्गू बिचारा आवारातल्या लिंबाखाली अदबीनं उभा राहून वाट बघत होता की एवढा मोठा माणूस आधी आत जाऊ दे. कोर्टाचे कारकून, पेशकार लक्ष्मीकांत, वॉरंट लिहायला बसले तेव्हा कुठं कोणीतरी त्याला ढकलत आणलं. "हम समझे कोई महाराज हैं," भग्गू म्हणाला.

तेव्हापासून पेशकारांचा हुकूम झाला: नुसतं नाव, बापाचं नाव, आणि हाज़िर हो. जगदेवरावांना ते फार मिळमिळीत वाटे. मग किताबांची सगळी कसर ते आवाजात भरून काढत.

आणि उरलेली कसर गणपतीत. दौलतगंजातल्या गणपतीच्या मांडवात रात्रीची आरती झाली की जगदेवरावांच्या दरबारच्या गोष्टी सुरू व्हायच्या. त्यांच्या गोष्टीत स्वारीला निघणारे हत्ती दर साली वाढत. रमाकांत वकील त्याच आळीतले, जिभेनं तिखट. ते मांडवात सगळ्यांदेखत म्हणत, "जगदेवराव, मागल्या साली अकरा होते, औंदा सतरा? हत्तिणी व्याल्या काय?" मांडव हसे, जगदेवरावही हसत, आणि पुढच्या साली एकोणीस करत. सांगायचं कारण, गड्याच्या गळ्यावर सगळ्या लष्कराचा, म्हणजे ग्वाल्हेरच्या त्या सगळ्या शहरभागाचा, विश्वास, आणि गळ्यातून निघणाऱ्या गोष्टीवर कोणाचाच नाही.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात एक केस आली. नई सडकेवर शिकवणी घेणारा एक मास्तर आरोपी होता. फिर्याद होती वनमाला नावाच्या बाईची. तिचा नवरा गिरणीत, आणि मुलगी आठ वर्षांची, मास्तराकडं पाढे शिकायला जाणारी. पोरीचं खरं नाव इथं येणार नाही, आपण तिला पद्मा म्हणू. मास्तरानं तिच्याशी काय केलं ते कोर्टाच्या कागदावर आहे आणि ते तिथंच राहू दे.

जगदेवरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पुकार देणारा कागद वाचतो तो नावापुरता. चिठ्ठी हातात आली, ते व्हरांड्यात आले, आणि त्यांनी पोरीचं नाव, तिच्या बापाचं नाव, नेहमीच्या इमानानं तीनदा दणकावलं. चहाच्या टपरीवरच्या माना वळल्या. टांगेवाले वळले. रस्त्यापलीकडचा पानवाला चुना लावायचा थांबला.

लिंबाखालून वनमालेनं पोरीला उचलूनच आणलं. पोरीनं आईच्या पदरात तोंड खुपसलं होतं, ते आत जाऊनही निघालं नाही. मॅजिस्ट्रेटसाहेब इंदूरकडचे होते, मराठी समजणारे, स्वभावानं शांत. त्यांनी नाव विचारलं. उत्तर नाही. वय विचारलं. नाही. पेढा आवडतो का विचारलं. नाही. रमाकांत वकील मास्तराच्या बाजूनं उभे होते. ते म्हणाले, "हुजूर, साक्षीदाराला काही सांगायचंच नाही असं दिसतं."

साहेबांनी पंधरा दिवसांपुढची तारीख दिली आणि म्हणाले, "त्या दिवशीही मुलगी बोलली नाही, तर जे समोर आहे त्यावरच मला निकाल द्यावा लागेल."

पायऱ्यांवर वनमाला थांबली. जगदेवराव काठी टेकून उभे होते. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच ना वो वरडला?"

"व्हय. माझीच पुकार," जगदेवराव थोडे फुगूनच म्हणाले.

"तीन दिस आमी घरात बसून विचार केला, पोरीचं नाव गावभर व्हईल म्हून. मग छाती करून ठाण्यावर गेलो. ठाणेदारबी हळू बोलला. डाक्टरबी हळू बोलला. आन तुमी एका दमात सगळ्या लष्कराला ऐकवलंत. झालं समाधान?"

ती गेली. जगदेवराव तिथंच. उभ्या जन्मात त्यांच्या आवाजाला कोणी नावं ठेवली नव्हती.

संध्याकाळी दफ्तर बांधताना त्यांनी लक्ष्मीकांत पेशकारांना विचारलं, "पोरगी बोलली न्हाई तर काय व्हतं?"

"मास्तर सुटतो."

"पर आई हाय की सांगणारी. तिला पोरीनं त्याच सांजंला सांगितलं म्हणं."

"अहो जगदेवराव, आईनं स्वतः काही पाहिलं आहे का? आईची साक्ष म्हणजे टेकू. पोर कोर्टात बोलली, तर तिच्या बोलण्याला टेकू लागतो, आणि चांगला लागतो, कारण घडलं त्याच दिवशी सांगितलंय. पण भिंतच उभी नाही तर टेकू कशाला लावायचा? डॉक्टरचा कागद कोरा आहे. दुसरं कोणी तिथं नव्हतं. सगळं त्या आठ वर्षांच्या तोंडावर आहे."

"आन त्ये तोंड मी बंद केलं."

पेशकारांनी दफ्तराची गाठ दोनदा मारली.

त्या रात्रीपासून जगदेवरावांनी हळू बोलायचा सराव सुरू केला. आता बोला! ज्या गळ्याला दोनच गती ठाऊक, एक दणका आणि एक गप्प, त्याला मधली गती आणायची कुठून? ते आरशासमोर उभे राहिले आणि कुजबुजले, "हाज़िर हो." वळचणीची कबुतरं उडाली. बायको, मंदाताई, भाकरी थापायची थांबली.

"कोण हाज़िर व्हायचंय? भाकरी हितंच हाय."

"हळू बोलाय शिकतोय."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला. आत्ता आठवलं?"

शेजारच्या सुधाताई दुसऱ्या दिवशी काढा घेऊन आल्या, जगदेवरावांचा आवाज बसलाय ऐकलं म्हणून. तिसऱ्या दिवशी कोणीतरी घशाच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. चौथ्या दिवशी मंदाताईंनीच विषय काढला. "कशापायी चाललंय ह्ये?"

जगदेवरावांनी सगळं सांगितलं. मंदाताईंनी ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. "अवो, लेकराला दारातनं पुकारतात का कुणी? जवळ जावं, खाली बसावं. तुमचा गळा काय मरायचा न्हाई, गुडघे मोडा."

हे त्यांना पटलं. पण नियमाचं काय? ते पेशकारांकडं गेले. लक्ष्मीकांतांनी चष्मा लावून जुनी-नवी पुस्तकं चाळली. राज्य बदललं तेव्हा कायद्याची पुस्तकंही बदलली होती, आणि कुठलं लागू नि कुठलं नाही हे बघण्यातच त्यांचा अर्धा दिवस जाई. शेवटी म्हणाले, "साक्षीदाराला बोलवावं असं आहे. ओरडावं असं कुठंच नाही. पण एक ध्यानात ठेवा. केसबद्दल पोरीशी एक अक्षर बोलायचं नाही. पोर पढवलेली आहे, हेच रमाकांतांना सिद्ध करायचंय. तुम्ही 'खरं सांग हं बाळ' एवढं जरी म्हणालात, तरी ते तुम्हालाही खातील आणि तिलाही."

तारीख आली. चिठ्ठी हातात पडली. जगदेवराव व्हरांड्यात आले, नेहमीच्या जागी थांबले नाहीत, पायऱ्या उतरून सरळ लिंबाकडं गेले. टपरीवाल्यानं कानावर ठेवायला उचललेले हात तसेच राहिले.

पद्मा आईमागं दडली. जगदेवराव उकिडवे बसले. गुडघे असे कडकडले की पोरीनं डोकावून बघितलंच.

"बाळ, मागल्या खेपंला मी वरडलो न्हवं? त्ये चुकलं माझं. मी गाढव हाय."

पोरीनं त्यांच्या मिशा बघितल्या. मग साफा बघितला. मग म्हणाली, "कान कुठंयत?"

"साफ्यात हायत. दाबून बसवलेत."

"मग ओरडा."

"आँ?"

"गाढव आहात तर गाढवासारखं ओरडा."

जगदेवरावांनी डावीकडं बघितलं, टपरी. उजवीकडं बघितलं, वकिलांची टेबलं. तीन पिढ्यांची चोपदारी डोळ्यांपुढून सरकली.

"हळू वरडू?"

"हळू."

आणि जगदेवराव पायगुडे गाढवासारखे ओरडले. हळू. पंधरा दिवस आरशासमोर जे साधलं नव्हतं ते साधलं. पोरगी तोंडावर हात धरून हसली आणि तिनं त्यांचं एक बोट पकडलं. वनमाला हसली नाही, पण तिनं पोरीला पुढं जाऊ दिलं.

वरून, खांबाला टेकून, रमाकांत वकील बघत होते. त्यांना बोलणं ऐकू आलं नव्हतं. बसलेला चोपदार, वाकलेली पोर आणि धरलेलं बोट, एवढंच दिसलं होतं, आणि वकिलाला तेवढं पुष्कळ असतं.

साहेबांनी खोली रिकामी करवली. पक्षकार, वकील आणि पेशकार तेवढे राहिले, आईलाही बाहेर बसवलं. जगदेवरावांनी दार ओढलं आणि पहारा दिला. दाराला फट होती. आधीचं थोडं ऐकू आलं.

"खोटं बोललं की काय होतं?" साहेब विचारत होते.

"आई मारते."

"आणि खरं बोललं की?"

"तरी मारते कधी कधी."

आत हसू झालं. साहेब म्हणाले, "पेशकार, लिहा. शपथ देत नाही, लहान आहे. पण खरं-खोटं तिला कळतं, आणि आपल्यातल्या पुष्कळांपेक्षा स्वच्छ कळतं. हे शेवटचं लिहू नका."

मग आवाज उतरले आणि पोरीचा एकटीचाच सुरू झाला. जगदेवराव दारापासून निघाले आणि व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. ते ऐकण्यावर त्यांचा हक्क नव्हता.

अर्ध्या तासानं दार उघडलं. पद्माला आईकडं पोचवून लक्ष्मीकांतांनी जगदेवरावांच्या हातात चिठ्ठी दिली. चेहरा असा, की जणू घरात कोणी आजारी आहे. जगदेवरावांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली.

"ह्ये तर माझंच नाव."

"रमाकांतांनी हरकत घेतली. तुम्ही बाहेर पोरीला पढवलंत म्हणतात. साहेब म्हणाले, बोलवा, आत्ताच विचारू."

"पोरीला इचारलं का, मी काय म्हणलो ते?"

"विचारलं. तिनं सांगितलं. काय सांगितलं ते मला तुम्हाला सांगता येत नाही. चला, पुकार द्या."

नियम तो नियम. जगदेवराव व्हरांड्यात आले आणि त्यांनी स्वतःला पुकारलं, "जगदेवराव वल्द खंडेराव पायगुडे, हाज़िर हो!" तीनदा. मग काठी भिंतीला टेकवून ते स्वतःच म्हणाले, "हाज़िर है," आणि आत गेले.

कठड्यात उभं राहिल्यावर कळलं की तिथून खोली निराळीच दिसते. शपथ झाली. रमाकांत वकील गोड आवाजात म्हणाले, "जगदेवराव, दरबारच्या स्वारीत हत्ती किती असत?"

सरकारी वकील उठू लागले. साहेबांनी त्यांना हातानं बसवलं.

जगदेवरावांच्या जिभेवर एकवीस आले होते. तयारच असत. बोलले तर रमाकांत गणपतीतले जुने आकडे काढणार, हे त्यांना दिसलं. पण खरं बोलायचं तर सगळ्या आळीपुढं आजवरच्या गोष्टींचा बट्ट्याबोळ.

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "मोजले न्हाईत कदी."

"मांडवात तर मोजून सांगता."

"वाढवून सांगतो."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"गणपतीत बोलतो. हितं न्हाई."

रमाकांत हसले. "बरं. मग इथलं सांगा. लिंबाखाली मुलीला काय सांगितलंत?"

इथं जगदेवराव अडकले. खरं काय ते ठाऊक होतं. पण ते या माणसापुढं बोलायचं, की जो संध्याकाळपर्यंत दौलतगंजात घरोघर पोचवील! 'आशीर्वाद दिला' म्हटलं असतं तर शोभलं असतं. कोण खोटं ठरवणार? आणि मग लख्ख दिसलं, खोटी ठरणार ती पोरगी. तिनं खरंच सांगितलं असणार. तिला दुसरं काही सुचायचं वयच नाही.

"मी म्हणलो, मागल्या खेपंला वरडलो त्ये चुकलं. मी गाढव हाय."

रमाकांतांचं हसू जागच्या जागी थांबलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "पुढं?"

"तिनं इचारलं, कान कुठंयत. म्हणलो, साफ्यात हायत."

"पुढं?"

"म्हणाली, वरडा." जगदेवरावांनी कठडा घट्ट धरला. "आन मी वरडलो. गाढवासारखा. हळू."

मग साहेबांनी कागद मागं उलटले. "वकीलसाहेब, पाच मिनिटांपूर्वी तुम्ही काय म्हणालात? ज्या मुलीला दरबारचा चोपदार गाढव झालेला दिसतो, तिच्या बाकीच्या बोलण्यावर काय भरवसा ठेवायचा. बरोबर?"

"हुजूर…"

"तिनं हेच सांगितलं होतं. कानांसकट."

रमाकांत पेचात सापडले, पण वकील होते. "हुजूर, दोघांनी मिळून रचलं असेल."

साहेबांनी जगदेवरावांकडं बघितलं, घाम पुसणाऱ्या, लाल झालेल्या. "रचायचं असतं, तर यांनी स्वतःसाठी दुसरं जनावर निवडलं असतं."

लक्ष्मीकांतांना ते लिहिताना फार जड गेलं. 'साक्षीदाराने गर्दभाप्रमाणे ध्वनी केला' असं त्यांनी आधी लिहिलं, मग खोडलं, आणि सरळ 'गधे की आवाज़ निकाली' लिहिलं.

दहा दिवसांनी निकाल झाला. मास्तराला दीड वर्षाची सक्तमजुरी. संध्याकाळी लक्ष्मीकांतांनी व्हरांड्यात बसून निकाल मराठीत करून वाचून दाखवला. जगदेवरावांना वाटलं होतं, आपल्या साक्षीवरच सगळं ठरलं. तसं काही नव्हतं. साहेबांनी त्यांना पाचच ओळी दिल्या होत्या, पोर पढवलेली नाही हे दाखवण्यापुरत्या.

बाकीचं सगळं पोरीवर होतं. वकिलांनी मास्तराच्या टोपीचा रंग विचारला, ती म्हणाली ठाऊक नाही. वार विचारला, म्हणाली शिकवणीचा. घोकवून आणलेल्या पोरापाशी सगळ्याला उत्तर असतं, हिच्यापाशी नव्हतं, पण जे होतं ते तीन तऱ्हांनी विचारूनही हललं नाही. आईनंच 'कुणाला सांगू नको' म्हटलं होतं, हेही तिनं सांगून टाकलं. आईनं पढवलं असतं तर हे शिकवलं असतं का? तीन दिवसांच्या उशिराचं कारण तिथंच मिळालं. डॉक्टरचा कागद कोरा होता, पण अशा प्रत्येक गोष्टीची खूण अंगावर उरतेच असं नाही. मास्तर सज्जन आहे म्हणून पाच प्रतिष्ठितांनी सांगितलं, खरंच सांगितलं असेल, पण त्या दुपारी त्यांतला एकही तिथं नव्हता. आणि एकट्या लेकराच्या शब्दावर शिक्षा द्यावी का? साहेबांनी लिहिलं होतं, दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं हल्लीच सांगितलंय की दुसरा पुरावा हवाच असा कायदा नाही, सावधगिरी मात्र हवी. ती आम्ही ठेवली. शिवाय त्याच संध्याकाळी पोरीनं आईला सांगितलेलं आहे.

"टेकू," जगदेवराव म्हणाले.

"टेकू. पण आता भिंत उभी आहे."

तेवढ्यात वनमाला आली. निकालात पोरीचं नाव किती ठिकाणी आहे, एवढंच तिला हवं होतं. लक्ष्मीकांतांनी पानं चाळली. एका मथळ्यात होतं, पुढं सगळीकडं साहेबांनी नुसतं 'मुलगी' लिहिलं होतं. वनमालेनं मान हलवली. जाताना जगदेवरावांना म्हणाली, "आत्ता सातचे पाढे म्हणती. दुसऱ्या बाईकडं घातलीय." आभार-बिभार काही मानले नाहीत. त्यांनाही ते बरं वाटलं.

मास्तरानं अपील केलं, ते फेटाळलं गेलं. पुढं छप्पन साली मध्यभारतही गेलं, मध्यप्रदेश झाला, मोठं हायकोर्ट जबलपूरला निघालं, आणि जगदेवराव पेन्शनीत निघाले. रमाकांतांनी अपेक्षेप्रमाणं सगळं दौलतगंजभर केलं होतं. पहिले सहा महिने आळीतली टवाळ माणसं त्यांना बघून हळूच ओरडत. मग तेही विरलं.

गणपतीत त्यांच्या गोष्टी मात्र पहिल्यासारख्याच चालू. हत्ती तीसवर पोचले. कोणी नवखा विचारी, "दादा, हे खरं का हो?" तर ते मिशीला हात लावून म्हणत, "हत्तींचं मला इचारू नगंस. पर एक गोष्ट हाय, ती हितं सांगत न्हाई. ती शाबीत झालीया. कोर्टात जा, अर्ज कर आन नक्कल काढून वाच."

मांडवात पलीकडून मंदाताई ओरडत, "त्येच्यात ह्ये गाढव हायत!"

"आन त्येबी शाबीत," जगदेवराव म्हणत, आणि पुढचा हत्ती काढत.